संकटाची किंमत कोण मोजतो?
राष्ट्रांच्या इतिहासातून घ्यावयाचे काही धडे





२०२२ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आपल्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मला प्रश्न विचारला. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळून गेल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती. तो म्हणाला, "दादा, श्रीलंका तर बौद्धांचा देश. मग तिथे पेट्रोलला, गॅसला, औषधाला रांगा का लागल्या? आणि उद्या आपल्या देशावर अशी वेळ आली, तर पहिल्या रांगेत कोण असेल?"

त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून गेली वीस वर्षे काउंटरवर बसतो. परंतु प्रश्न मनातून जाईना. म्हणून मिळेल तसे वाचन केले, बाबासाहेबांचे ग्रंथ पुन्हा काढले, आणि स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा त्या तरुणाचे उत्तर लिहून काढण्याचे ठरवले.

वाचनातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. संकट कोणत्याही देशावर येते. युद्ध, दुष्काळ, रोगराई, कर्ज, महागाई यांतून कोणताही देश सुटलेला नाही. परंतु देश टिकतो की मोडतो, हे संकट किती मोठे होते यावर ठरत नाही. संकटाची किंमत कोणाकडून वसूल केली जाते आणि त्याचा हिशेब लोकांना खरा सांगितला जातो की नाही, यावर ते ठरते. पुढील उदाहरणांवरून हे वाचकांच्या ध्यानात येईल.

राजा महाविजिताची गोष्ट

सुरुवात तथागतांपासूनच करू. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची गोष्ट आहे. राजाकडे संपत्ती पुष्कळ होती. त्याला मोठा यज्ञ करण्याची इच्छा झाली. त्याच्या पुरोहिताने त्याला थांबवले. राज्यात चोऱ्या, लुटालूट चालली आहे. गावे आणि रस्ते सुरक्षित नाहीत. अशा वेळी प्रजेवर आणखी कर बसवणे अयोग्य होईल, असे त्याने सांगितले. चोरांना ठार मारून, तुरुंगात टाकून किंवा देशोधडीला लावूनही हा उपद्रव मिटणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील, हेही सांगितले. मग उपाय काय? जे शेती आणि गुरेपालन करतात त्यांना बी-बियाणे आणि वैरण द्या. जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या. जे राज्याची चाकरी करतात त्यांना अन्न आणि वेतन द्या. राजाने तसे केले. राज्यात शांतता नांदली आणि लोक दारे उघडी ठेवून राहू लागले.

याच निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात उलट बाजू आहे. तेथील राजा संरक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि मग असत्य. एकातून दुसरे, अशी ती साखळी आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. दारिद्र्य हे पूर्वजन्मीचे फळ आहे, असे म्हणून येथे राजाची सुटका केलेली नाही. दारिद्र्याची जबाबदारी राज्यावर ठेवली आहे. आता गेल्या शंभर वर्षांतील राष्ट्रांना ही कसोटी लावून पाहू.

१९२३ : जर्मनीचा कागद आणि बाबासाहेबांचा ग्रंथ

पहिले महायुद्ध जर्मनीने मुख्यतः कर्ज काढून लढले. पराभवानंतर नुकसानभरपाईचा बोजा आला. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर हा औद्योगिक प्रदेश ताब्यात घेतला. सरकारने खर्च भागवण्यासाठी नोटा छापण्याचा सपाटा लावला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकन डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. ज्यांच्याकडे कारखाने, जमिनी होत्या आणि ज्यांनी कर्जे काढली होती, ते तरले; कारण त्यांची कर्जे कवडीमोल नोटांनी फिटली. ज्यांनी आयुष्यभर काटकसर करून बँकेत शिल्लक ठेवली होती आणि जे पगारावर जगत होते, ते बुडाले.

योगायोग असा की त्याच १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी पुष्कळांना या ग्रंथाचे नाव माहीत असते, पण त्यात काय आहे हे माहीत नसते. चलन छापण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला निश्चित मर्यादा असावी, हा त्याचा एक मुख्य विचार आहे. दुसरा विचार आपल्यासारख्या पगारदारांसाठी फार महत्त्वाचा आहे. रुपयाचा भाव घसरला की निर्यात करणाऱ्यांचा फायदा होतो, असे तेव्हाही सांगितले जात असे. बाबासाहेबांच्या मांडणीचा आशय असा की हा फायदा आकाशातून पडत नाही. वस्तूंचे भाव वाढतात आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मालकाला जो नफा होतो, तो मजुराच्या ताटातून जातो.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तीही याच भूमिकेतून. या आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. पुढे १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ज्या माणसाला शाळेत वर्गाबाहेर बसवले गेले, तो देशाच्या चलनावर बोलतानाही शेवटच्या माणसाचे ताट विसरला नाही, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. परंतु नुसता अभिमान पुरेसा नाही. तो विचार समजून घेतला पाहिजे.

१९३३ : एकच संकट, दोन वाटा

१९२९ मध्ये अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. जर्मनीत १९३० ते १९३२ या काळात ब्रूनिंग हे चॅन्सेलर होते. त्यांनी पगार कापले, बेकारभत्ता कमी केला आणि कर वाढवले. संसदेत बहुमत नव्हते म्हणून हे सर्व राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी केले. बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात गेली. लोकांचा संसदेवरचा विश्वास उडाला. १९२८ मध्ये ज्या नाझी पक्षाला केवळ १२ जागा होत्या, त्याला १९३० मध्ये १०७ आणि जुलै १९३२ मध्ये २३० जागा मिळाल्या. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. तुमच्या दुःखाला ज्यू जबाबदार आहेत, असे त्याने भुकेल्या लोकांना सांगितले. पुढे काय झाले ते सर्व जगाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेथेही कामगारांपैकी सुमारे एक चतुर्थांश बेकार होते आणि बँका पटापट बंद पडत होत्या. त्यांनी प्रथम सर्व बँका काही दिवस बंद ठेवून त्यांची तपासणी केली आणि लोकांना रेडिओवरून साध्या भाषेत कारण सांगितले. १९३३ मध्येच ठेवींना विम्याचे संरक्षण दिले. सार्वजनिक कामे काढली. १९३५ मध्ये कामगारांच्या संघटनेचा हक्क आणि सामाजिक सुरक्षा यांचे कायदे केले. लोकशाही टिकली.

मात्र येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. सामाजिक सुरक्षेच्या त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य याच दोन कामांत होते. चांगल्या कायद्यातही शेवटचा माणूस कसा बाहेर राहतो, याचे हे उदाहरण आहे. आपणही योजना आली की तिच्यातून कोण वगळला गेला, हे आधी पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

१९७२ : महाराष्ट्राने दिलेले उत्तर

आता आपल्या घराकडे येऊ. पिंपरी-चिंचवड, भोसरी, देहूरोड या भागात आज जी आपली वस्ती आहे, त्यांतील कितीतरी घरांचा इतिहास १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होतो. माझे वडील तेव्हा वीस वर्षांचे होते. मराठवाड्यातील आमच्या गावी पाऊस नाही, काम नाही. ते आणि आजी खडी फोडण्याच्या कामावर जात. मजुरी, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी यांवर घर जगले. वडील सांगत, कामावर सगळ्या जातींचे लोक एका रांगेत बसून खडी फोडत. पाण्याचा माठ मात्र आमचा वेगळा होता. दुष्काळ सर्वांना समान आला, पण जात दुष्काळातही सुट्टीवर गेली नाही.

तरीही त्या दुष्काळाचे एक मोठेपण मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात भूकबळींचा तसा महापूर आला नाही, जसा १९४३ मध्ये बंगालमध्ये आला होता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी लिहिले. सरकारला ऐकावे लागले.

याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. पुढे २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

आता या योजनेला पैसा कोठून आला, ते पाहा. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. शहरातील नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून तो घेतला गेला आणि राज्याने आपला वाटा त्यात घातला. माझ्या पगारपत्रकावर दरमहा व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतात. शाखेतील सहकारी कधी कधी त्यावर कुरकुर करतात. मला मात्र त्या आकड्याकडे पाहून खडी फोडणारी आजी आठवते. महाविजिताच्या पुरोहिताने जे सांगितले, तेच येथे कायद्याच्या रूपाने दिसते. संकटात असलेल्याकडून न घेता, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेऊन, ज्याला नाही त्याला काम दिले.

दुष्काळानंतर वडील पिंपरीला आले. येथे कामाची आशा होती. सरकारी क्षेत्रातील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीनचा कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी परिसरात कारखान्यांची रांग लागली. वडिलांना भोसरीतील एका कारखान्यात काम मिळाले आणि आमचे घर उभे राहिले.

१९९१ : देशाचे सोने गहाण पडले

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केला. तेलाचे भाव भडकले. आखाती देशांतील आपल्या लोकांकडून येणारा पैसा आटला. देशाची आर्थिक तूट आधीच वाढलेली होती. त्यात राजकीय अस्थैर्य. वि. प्र. सिंग यांचे सरकार नोव्हेंबर १९९० मध्ये पडले, चंद्रशेखर यांनी मार्च १९९१ मध्ये राजीनामा दिला, पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. २१ मे १९९१ रोजी निवडणुकीच्या धामधुमीत राजीव गांधी यांची हत्या झाली. त्या उन्हाळ्यात परकीय चलन इतके खाली आले की जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागली असती.

मे महिन्यात २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडमधील बँकेला पुन्हा विकत घेण्याच्या अटीवर विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ज्या देशात अगदी नाइलाज झाल्याशिवाय बाई मंगळसूत्र गहाण टाकत नाही, त्या देशाने आपले सोने गहाण टाकले. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी नवा अर्थसंकल्प मांडला.

देश त्यातून बाहेर पडला. त्याच वर्षाअखेर सोने सोडवले गेले आणि २००९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. निवडणुका झाल्या, सत्तांतर शांततेने झाले, एकही हप्ता थकला नाही. ही साधी गोष्ट नव्हे. नव्या धोरणामुळे पुढे आपल्या भागात परदेशी कंपन्या आल्या, चाकण-तळेगाव उभे राहिले, पुष्कळांना कामे मिळाली. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु किंमत कोणी मोजली? सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन केला. ज्यांचे काम जाईल त्यांना नवे प्रशिक्षण आणि नवे काम मिळावे, हा त्याचा हेतू सांगितला होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक पैसा सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. खासगी कारखान्यांतही हीच लाट आली. माझ्या वडिलांनी १९९७ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ती स्वेच्छा नेमकी कोणाची होती, हे माझी आई अजून विचारते.

आलेली रक्कम वडिलांनी एका पतसंस्थेत ठेवली. व्याज जास्त मिळत होते आणि संचालक ओळखीचे होते. काही वर्षांत पतसंस्थेला कुलूप लागले. अर्ध्याहून कमी रक्कम परत मिळाली, तीही तुकड्यातुकड्यांनी. मी त्यानंतर बँकेत लागलो आणि तेव्हा मला कळले की बँकेतील ठेवींना जे विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना नसते. हे त्या वेळी आम्हाला सांगणारे कोणी नव्हते. अज्ञानाची किंमतही गरिबालाच मोजावी लागते.

श्रीलंका : बौद्ध देश आणि धम्माचे राज्य

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. श्रीलंकेत शिक्षण आणि आरोग्य यांची स्थिती अनेक वर्षे आपल्यापेक्षा चांगली होती. पण १९५६ मध्ये केवळ सिंहली ही राजभाषा करण्याचा कायदा झाला. तमिळ जनतेच्या मनात दुरावा वाढत गेला आणि १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे यादवी युद्ध चालले. युद्धानंतर मोठमोठी कर्जे काढली गेली. २०१९ च्या अखेरीस करांत मोठी कपात केली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. लगेच २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि पर्यटन बंद पडले. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे आणि चहाचे उत्पादन घटले आणि काही महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जाची फेड थांबवत असल्याचे सरकारने जाहीर केले. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. १३ जुलैला गोटाबाया राजपक्षे देशाबाहेर गेले.

सत्ता एका कुटुंबाभोवती गोळा झाली होती. युद्ध जिंकणाऱ्या नेत्याला प्रश्न विचारण्याची सवय राहिली नव्हती. नंतर २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली, तेव्हा बँकांना त्यातून वगळण्यात आले आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर भार टाकण्यात आला. कर कमी झाले तेव्हा लाभ वरच्यांचा आणि कर्ज फेडण्याची वेळ आली तेव्हा हात कामगाराच्या फंडात!

एक गोष्ट मात्र त्या देशाच्या बाजूने सांगितली पाहिजे. तेथे सैन्याने सत्ता घेतली नाही. संसद चालू राहिली आणि २०२४ मध्ये मतपेटीतूनच सत्तांतर झाले.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर असे आहे. बौद्ध म्हणवणारे राज्य आणि धम्माने चालणारे राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशात विहार किती आहेत यापेक्षा बियाणे, भांडवल आणि वेतन शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते काय आणि शेजाऱ्याविषयी मैत्री आहे काय, ही तथागतांची कसोटी आहे.

आपल्या पट्ट्यातील अनुभव

जगातील संकट आपल्या दारात किती लवकर येते, हे आपण पाहिले आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळली आणि १ जून २००९ रोजी मूळ अमेरिकन कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे २०२३ मध्ये तो प्रकल्प ह्युंदाईने घेण्याचा करार केला. कारखान्याला नवा मालक मिळतो. चाळिशीतल्या कामगाराला नवी नोकरी तितक्या सहज मिळत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कायम कामगारांना काही ना काही मिळाले. कंत्राटी कामगारांपैकी अनेकांना ठेकेदाराचा फोनही लागेना. निर्वाह निधीतून उचल घेण्याची सवलत सरकारने दिली होती, पण कित्येकांच्या नावावर निधीच भरलेला नव्हता. एप्रिलमध्ये जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. आमच्या शाखेबाहेर उन्हात रांग होती. एका बाईंनी ५०० रुपये काढले आणि मागे किती राहिले ते विचारले. मी ३७ रुपये सांगितले. त्या म्हणाल्या, "राहू द्या दादा, खातं चालू राहिलं पाहिजे." त्या बाईंचा व्यवस्थेवरचा हा विश्वास म्हणजेच राष्ट्राचे खरे सोने आहे. तो गहाण पडला तर कोणतीही बँक तो सोडवून देऊ शकत नाही.

इतिहासाचे पाच धडे

या सर्व उदाहरणांतून मला समजलेले धडे थोडक्यात असे :

१) हिशेब उघडा असावा. रूझवेल्ट यांनी लोकांना कारण सांगितले, लोकांनी पैसे परत बँकेत आणले. जेथे आकडे लपवले जातात, तेथे संकट दुपटीने येते.

२) भार शक्तीप्रमाणे वाटावा. व्यवसाय करातून रोजगार हमी हे त्याचे आपल्याच राज्यातील उदाहरण आहे. उलट जर्मनीच्या नोटांनी बचत करणाऱ्याला लुटले.

३) अन्न आणि काम प्रथम. भुकेल्या माणसावर करवाढ आणि वेतनकपात लादली तर तो लोकशाहीवरच रागावतो, हे १९३० नंतरच्या जर्मनीने दाखवले.

४) संकटाचे खापर दुबळ्या समाजावर फोडू देऊ नये. ज्यू असोत, तमिळ असोत की आणखी कोणी. शेजाऱ्याकडे बोट दाखवणारा नेता बहुधा आपला हिशेब लपवत असतो.

५) व्यक्तीपेक्षा संस्था मोठी मानावी. वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने निर्णय घेतात आणि नियम पाळतात, तोवर त्यांची वाढच होईल, असे तथागतांनी महापरिनिब्बान सुत्तात सांगितले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला. मार्ग संविधानाचा ठेवा, कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या पायांवर आपले स्वातंत्र्य वाहू नका आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक व आर्थिक समतेचा पाया द्या, असा त्या भाषणाचा आशय होता.

आपण काय करावे?

देशाचे धोरण आपण एकटे बदलू शकत नाही. पण आपले घर आणि आपली संस्था हेही छोटे राष्ट्रच आहे. म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

ठेव ठेवण्यापूर्वी ती संस्था बँक आहे की पतसंस्था, हे विचारावे. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्याहून जास्त रक्कम असेल तर एकाच बँकेत ठेवू नये. जास्त व्याजाच्या मोहात पडू नये. माझ्या वडिलांचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा.

कंत्राटी काम करणाऱ्या तरुणांनी नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, निर्वाह निधीचा क्रमांक आणि कामगार विम्याचे कार्ड मागून घ्यावे व जपून ठेवावे. ठेकेदार बदलला की निधी भरला जातो की नाही, हे मोबाइलवर तपासावे. ज्यांना जमत नसेल त्यांना अभ्यासवर्गाच्या दिवशी मी आणि माझे दोन सहकारी मदत करू.

संस्थेने जयंतीच्या वर्गणीतील निश्चित हिस्सा संकट निधी म्हणून वेगळा ठेवावा आणि त्याचा जमाखर्च दर पौर्णिमेला विहाराच्या फलकावर लावावा. आपण सरकारकडे हिशेब मागतो, तर आपलाही हिशेब उघडा असला पाहिजे. हे मी पदाधिकाऱ्यांवर अविश्वास म्हणून लिहीत नाही. हिशेब विचारणे म्हणजे अपमान नव्हे, हे आपल्या मुलांना लहानपणापासून दिसावे म्हणून लिहितो.

शेवटी त्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. संकट आले तर पहिल्या रांगेत कोण असेल? इतिहास सांगतो की आपणच असू. १९७२ मध्ये आजी होती, १९९७ मध्ये वडील होते, २०२० मध्ये त्या खातेदार बाई होत्या. म्हणून संकट येण्याआधी हिशेब विचारणाऱ्यांच्या रांगेतही आपणच पहिले असले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले, त्यात पहिला शब्द शिका हा आहे. राष्ट्राचा जमाखर्च वाचता येणे, हेही एक शिक्षणच आहे.

चूकभूल माफ असावी.

जयभीम! नमो बुद्धाय!